पायाचं माप

“तुमचे वडील जन्मले, त्यांचं लग्न झालं, आणि मग त्यांची वाफ झाली,” रेकॉर्ड रूममधली बाई चष्मा कपाळावर सरकवत म्हणाली. “गेल्याची नोंदच नाही कुठे.”

“होडी उलटली होती. नदीत बुडाले,” नर्स म्हणाली. या खिडकीशी हे ती कितव्यांदा सांगत होती, कोण जाणे.

ड्यूटी संपली की ती इथे यायची. बापाचा जन्म सापडला, आजोबांचं घर सापडलं, धक्क्यावरच्या हमालांच्या हजेरीत त्याचं नावही सापडलं. मरण तेवढं सापडेना. तो गेला तेव्हा ती पाळण्यात होती.

घरी आईने अंथरूण धरलं होतं. नजर गेलेली, पण हेका एकच. “तो कुठे मातीत गेला तेवढं कळू दे गं. मग मी डोळे मिटायला मोकळी.” रस्त्यावर कुणी शिट्टी वाजवली की म्हातारी अजून मान वळवायची. बापाच्या ओठांवर सदा शिट्टी असे, म्हणून सगळं गाव त्याला शिट्ट्याच म्हणायचं.

काकांना ही शोधाशोध पसंत नव्हती. काका म्हणजे बापाचे थोरले भाऊ, बूट शिवणारे. त्या होडीत तेही होते. एकटेच पोहून परतले आणि पुढे भावजयीला नि पुतणीला त्यांनीच सांभाळलं. स्वतः लग्न केलं नाही.

“पाण्यात गेलेल्याची नोंद पाण्यातच असते, पोरी,” ते म्हणायचे. “कशाला उकरतेस? आईला सुखाने झोपू दे.”

त्यांच्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाचा लाकडी फर्मा, म्हणजे साचा, असे; त्यावर तापल्या सळईने नाव डागलेलं. वयाने पाय बदलला, हाड वर आलं, की काका फर्म्यावर तिथे चामड्याचा तुकडा सरसाने चिकटवायचे. “पाय वाढतो ह्यांचा, आणि म्हणतात बूट आखडला!” असं म्हणून खो-खो हसायचे. गिऱ्हाईक वारलं की फर्मा चुलीत. मेलेल्याचा पाय दुकानात ठेवू नये, हा त्यांचा नेम. भावाचा फर्माही असाच रडत रडत जाळला, असं ते सांगायचे.

“अहो, थांबा!” नर्स निघाली तशी खिडकीतली बाई ओरडली. “हे बघा. त्याच महिन्यातलं बेवारस प्रेत, नदीच्या खालच्या अंगाला सापडलेलं. पायात शिवून घेतलेले बूट. डाव्या बुटाचं माप दिलंय, आणि कुठे पुरलं तेही. माप जुळलं तर तुमचेच वडील. पण इतक्या जुन्या पायाचं माप सांगणार कोण?”

“आमचे काका!” नर्स म्हणाली. “ते माणूस विसरतील, पाय नाही विसरायचे.”

तिने आधी घर गाठलं. ऐकताच आई भिंतीला धरून उठून बसली. “माझे केस विंचरून दे,” म्हणाली. “त्याच्याकडे जायचं तर अशी कशी जाऊ?”

वेणी घालून नर्स दुकानात आली. दार उघडं, काका नव्हते.

“तिकीट काढायला गेलेत,” शेजारचा घड्याळजी म्हणाला. “उद्या चामडं आणायला निघणार ना! दर वर्षी जातात, आणि वापरतात मात्र आपल्याच बाजारातलं. तिकडे एखादी काकू ठेवलीय की काय, विचारा जरा!”

“तुमच्या तोंडाला किल्ली देतं तरी कोण?” नर्स हसत आत गेली.

बसायला जागा करावी म्हणून तिने बाकावरचं फडकं उचललं. खाली एक जुना, डाव्या पायाचा फर्मा होता. त्यावर डागलेलं होतं: शिट्ट्या.

म्हणजे जाळलाच नव्हता. आपलाच नेम मोडून काकांनी भावाचा पाय जपला होता. आणि आपण मात्र त्यांना रोज टोचत राहिलो. तिने फर्मा छातीशी धरला. मग डोळे पुसले आणि माप घ्यायला पर्समधून टेप काढली.

टेप नीट बसेना. अंगठ्याच्या मुळाशी फुगवटा होता. वॉर्डात म्हाताऱ्यांचे पाय पुसताना रोज हाताला लागायचा, तसाच. तिथे चामड्याचा एक काळा पडलेला तुकडा होता. त्यावर दुसरा. त्यावर आणखी एक, कोरा.

तिने त्यावर बोट ठेवलं. बोटाला सरस चिकटला.