एकदम बढिया

जिजाबाईंनी "अजून वाढू का?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता रश्शाचा डाव बळीरामच्या वाटीत रिकामा केला.

"कसा झाला गा पाटवडीचा रस्सा?"

"एकदम बढिया, माय," बळीराम म्हणाला आणि वाटी तोंडाला लावून मोकळी केली.

जिजाबाई खूश झाल्या. त्यांचा मुलगा कृष्णकांत पोळ्या वाढत होता, तो तर त्यांच्याहून खूश. तो सरकारी कारखान्यात बंदुकांचे आराखडे करायचा. दोन वर्षं खपून त्याने एक आखूड रायफल तयार केली होती. गाडीतून उडी मारणाऱ्या जवानाला लांब बंदूक आडवी येते, म्हणून खांद्याला टेकवायचा, नेम धरताना गाल लावायचा दस्ता दुमडता ठेवला होता. वजन वाचावं म्हणून दस्त्याचं लाकूड काढून नुसता पोलादाचा केला होता. त्या दस्त्यावर त्याचा फार जीव. आपला तो बाब्या, दुसरं काय.

काल शनिवारी नागपूरच्या ऐन मे महिन्यातल्या दुपारी शेवटची चाचणी झाली. गोळ्या झाडून झालेल्या प्रत्येक जवानाजवळ कृष्णकांत जातीने गेला. हातात पन्ह्याचा ग्लास दिला आणि विचारलं, "कशी वाटली?" सगळ्यांचं उत्तर एकच. एकदम बढिया, साहेब. त्या जवानांतल्या बळीरामचे नेम सगळ्यांत चांगले लागले. पहिल्या फेरीनंतर त्याने गालावरून दुपट्टा गुंडाळून घेतला तेवढाच. नागपुरी माणूस, ऊन बाधू नये म्हणून घेतला असेल, असं कृष्णकांतला वाटलं. बळीराम इथल्याच कळमेश्वरकडचा निघाला, तेव्हा तर त्याला जवळचाच माणूस भेटल्यासारखं झालं. म्हणून आजचं हे रविवारचं जेवण. उद्या सोमवारी नमुन्याला मंजुरी मिळणार होती. एकदा ती मिळाली की हजारो रायफली अश्शाच बनणार आणि सीमेवर जाणार.

"हे गालाले काय झालं बापा?" भात वाढताना जिजाबाईंनी विचारलं. बळीरामच्या डोळ्याखाली लालसर काळा पट्टा उमटला होता.

"काही नाही माय. मच्छर चावला."

"खाप्याले माझं माहेर. नदीकाठचे मच्छर मी पाह्यले. पण असा लांबलचक चावणारा नाही पाह्यला."

बळीराम हसला आणि ताटावर वाकला.

पाहुणा जेवून उठल्याशिवाय घरच्यांनी पान घ्यायचं नाही, हा जिजाबाईंचा कायदा. बळीराम हात धुऊन कूलरसमोर बसला, तेव्हा कुठे कृष्णकांतचं ताट आलं. त्याने पोळीचा तुकडा रश्शात बुडवून तोंडात घातला आणि तो थांबला. मग आणखी एक घास खाऊन पाहिला.

"आई, यात मीठ नाही."

"काहीतरीच." जिजाबाईंनी थेंबभर रस्सा तळहातावर घेऊन चाखला. त्यांचा चेहरा उतरला. नैवेद्याच्या आधी स्वयंपाक चाखायचा नाही, हा त्यांचा दुसरा कायदा. देवाने अळणी रस्सा मुकाट्याने खाल्ला होता. पाहुण्याने तर तीन वाट्या.

"काहून नाही सांगितलं गा? मी तं ओतूनच राहिली होती तुह्या वाटीत."

बळीराम कानकोंडा झाला. "अन्नाले नाव ठेवत नसतात, माय. अन् तुमी एवढ्या मायेनं वाढून राहिल्या होत्या. समोर उभं राहून इचारलं तर कोणाच्या तोंडून निघते का, मीठ नाही म्हणून?"

कृष्णकांतचा हात ताटातच राहिला. काल तो सगळ्यांच्या समोर असाच उभा होता. पन्ह्याचा ग्लास घेऊन, तोंडभर हसत, लेकराचं कौतुक ऐकायला आलेल्या बापासारखा. त्याला एकदम फार लाज वाटली आणि भीतीही वाटली.

"बळीराम," तो हळू म्हणाला, "रायफल कशी आहे?"

बळीराम ताडकन उठून सावधान उभा राहिला. "एकदम बढिया आहे, साहेब."

"रश्शासारखी?"

कूलरचं पाणी टपटपत राहिलं.

जिजाबाईंनी मिठाचा सट आणून त्याच्यासमोर ठेवला आणि त्या पदराला हात पुसत खाली बसल्या. "बस गा पोरा. इथं कोणी साहेब नाही. माह्या रश्शात मीठ नव्हतं, मी काही मेली नाही. हा माहा पोरगाबी नाही मरत. सांगून टाक."

कृष्णकांतने मान हलवली. "सांग. वाईट नाही वाटणार." मग खरं तेच म्हणाला, "वाटलं तरी सांग."

बळीराम बसला. त्याने एकदा साहेबाकडे पाहिलं, एकदा मिठाकडे. मग गालावरच्या पट्ट्यावरून बोट फिरवत तो जिजाबाईंनाच म्हणाला,

"मच्छर नाही चावला, माय. ऊन तापलं की साहेबाची बंदूक चावते."