पेनाचा गोल

हिराक्का कासारणीनं दवाखान्याच्या टेबलावर हात उताणा ठेवला आणि सिस्टरनी मोजपट्टी काढायच्या आतच सांगून टाकलं, "अर्धा इंच, केसभर कमी." उभा जन्म बायकांचे हात चाचपून बांगडीचं माप सांगण्यात गेलेला. स्वतःच्या हातावरच्या सुजेचं माप चुकेल कसं?

आठ महिन्यांपूर्वी याच हातावर टीबीच्या चाचणीची सुई टोचून सिस्टरनी पेनानं गोल काढला होता. दोन दिवसांनी पाहिलं तर गोलात काहीच उठलं नव्हतं. "म्हणजे टीबी नाही!" हिराक्का हरखली होती. थुंकीच्या तपासणीत मात्र टीबी सापडला. तेव्हा सिस्टरनी खुर्ची जवळ ओढून समजावलं, "आक्का, एचआयव्हीनं तुमची ताकद पार खाल्लीय. चोर घरात शिरलाय, पण ओरडायला आत कुणी जागंच नाही, म्हणून गोलात सूज उठली नाही."

"मग उठवू की त्यांना!" म्हणत हिराक्कानं दोन्ही आजारांच्या गोळ्या पिशवीत टाकल्या होत्या. उलट्या झाल्या, तोंडाची चव गेली, पण एक दिवस चुकवला नाही.

अंग जागं झालं का, हे बघायला परवा पुन्हा सुई टोचली होती. आज गोलाच्या आत लालभडक, टणक सूज होती. सिस्टरनी पट्टी लावली. बारा मिलिमीटर.

"फार ठणकतंय का, आक्का? मलम देऊ?"

हिराक्कानं हात झटकन छातीशी घेतला. "हात लावू नका. आत्ता कुठं ओरडायला लागलेत. ओरडू द्या!"