कागदी लिंबू

पालिकेच्या बागेतल्या भाजीच्या वाफ्यासाठी नाव बायकोने नोंदवलं होतं; नंबर लागला तो ती गेल्यावर. टेलरमास्तरांनी जन्मात पहिल्यांदा कुदळ हातात धरली आणि आधी खड्डा खणला तो कागदी लिंबाच्या रोपासाठी, तिची तेवढीच हौस होती म्हणून.

शेजारच्या वाफ्यात त्यांचे डॉक्टर मुळा उपटत होते. "सुई सोडून कुदळ? जपून हं, मास्तर!"

"माझे रिपोर्ट आले का हो?"

"आले सकाळी. उद्या या, निवांत बोलू."

"बरं. हे लिंबू तीन वर्षांनी धरेल म्हणतात. पहिलं फळ तुम्हालाच!"

डॉक्टर बराच वेळ हाताची माती झटकत राहिले.

 

"मास्तर, माझं ऐका, पालक लावा. महिन्याभरात खायला मिळतो."