शिशाचा कण

खसखशीहून बारीक असा शिशाचा कण दोन हिऱ्यांमध्ये दाबायचा, भयंकर गारठवायचा आणि त्यातून वीज विनाअडथळा धावते का ते पाहायचं, असा प्रयोग होता. विद्यार्थिनी सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने कण हिऱ्यावर ठेवत होती. सर बाजूने वाकून ओरडत होते, "अगं, कण ठेवतेयस की चाळण हलवतेयस?"

कण नाहीसा झाला. सर कडाडले, "सूक्ष्मदर्शकाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण मोठ्या पडद्यावर लावा! कुणी घालवला ते दिसू दे सगळ्यांना."

पडद्यावर तिचा चिमटा जराही हलत नव्हता. अचानक एक भलामोठा थेंब येऊन पडला आणि कण त्यात वाहून गेला.

"हा थेंब कसला?" कुणीतरी भाबडेपणाने विचारलं.



सरांनी मान खाली घातली, खिशातून रुमाल काढला आणि हळूच तोंड पुसलं.