पाव इंच

शर्टाची डावी बाजू उसवून झाली आणि आतल्या खोलीतलं घोरणं थांबलं. तिचा हात जागीच थबकला. घोरणं पुन्हा सुरू झालं. तिने श्वास सोडला आणि उजव्या बाजूच्या शिवणीला ब्लेड लावलं.

दोन महिने हे असंच चाललं होतं. दर दुसऱ्या रविवारी जेवण झालं, नवरा आडवा झाला, की ती त्याचे कपडे मशीनवर घ्यायची. दोन्ही बाजू पाव-पाव इंच आत. जुने टाके काढायचे, टाक्यांची भोकं नखाने मोडायची, वरून इस्त्री फिरवायची. पॅन्टच्या कमरेलाही तोच न्याय. तो उठायच्या आत सगळं जागच्या जागी खुंटीवर.

नवऱ्याची हयात वजनमापं खात्यात गेली होती. दुकानदारांचे काटे तपासण्यात. नातेवाईक त्याला काटासाहेब म्हणत, अर्थात तो खोलीबाहेर गेल्यावर. जुने कपडे किलोवर मिळायचे त्या दुकानात ती कपडे निवडायची आणि हा आधी काटा तपासायचा. डॉक्टरांनी गाठीवर बारा सुया सांगितल्या, दर आठवड्याला एक, आणि वजनासाठी काट्यावर उभं राहायला सांगितलं, तेव्हा तो तिथे साफ अडून बसला.

“काट्यावर विश्वास ठेवू नये. मी ठेवला नाही म्हणून मला पगार मिळत होता,” तो म्हणाला. घरी आल्यावर मात्र तिला समोर बसवून त्याने हिशेबाने सांगितलं, “हे बघ. शर्ट अंगावर नीट बसतोय तोवर सुया घेईन. लोंबायला लागला की बस्स. मग मला उगाच ओढत नेऊ नका.”

काटासाहेबांचा शब्द म्हणजे शिक्का मारलेलं वजन. तिने वाद घातला नाही. वादात ती आजवर एकदाही जिंकली नव्हती. शिवणात मात्र तिला हरवणारं कुणी अजून जन्माला यायचं होतं. या घरात कापडाला एका जन्मात सुटका नसे. पडद्याचा झगा होई, झग्याची पिशवी, पिशवीचं फरशीपुसणं. पाहुणे तिच्याकडे मुक्कामाला कचरत. अंगावरच्या पांघरुणाचं सकाळपर्यंत काय होईल याचा नेम नव्हता. हा शर्टही मुळात लग्नात आलेली निळ्या पट्ट्यांची चादर होता. चादर मधोमध विरली, कडा मात्र धडधाकट राहिल्या. त्या कडांमधून तिने शर्ट काढला होता.

आठ सुया झाल्या होत्या. प्रत्येक सुईच्या दिवशी सकाळी तो आरशासमोर उभा राही, शर्ट खाली ओढून बघे, “बसतोय” म्हणे आणि चपला घाली. त्या एका शब्दासाठी ती स्वयंपाकघरात कान लावून उभी असे.

“काय चाललंय?”

तिने दचकून शर्टावर उशीचा अभ्रा टाकला. तो दारात उभा होता, नुसत्या बनियनवर. गळ्याच्या हाडामागच्या खळग्यात लिंबू ठेवलं असतं तर पडलं नसतं.

“काही नाही. अभ्रा शिवतेय.”

“अभ्र्याला कॉलर कधीपासून लावायला लागलीस?”

तो स्टुलावर बसला. अभ्र्याखालून त्याने शर्ट ओढून घेतला. खिशाच्या कडेपासून बाजूच्या शिवणीच्या खुणेपर्यंत त्याचं बोट सावकाश सरकत गेलं.

“इथे अकरा पट्टे होते. मग दहा झाले. मग नऊ, मग आठ. आज सात आहेत. अगं, पट्ट्यांचं कापड घ्यायला नको होतंस. साध्या कापडात कदाचित फसलो असतो.”

खिशाचे पट्टे अंगाच्या पट्ट्यांशी जुळवायचे असतात, एवढं तिला झोपेतही कळत होतं. पट्टे मोजताही येतात, हे ज्याला कळतं त्याच्याशी चाळीस वर्षं संसार करूनही ते तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

“कधी कळलं तुम्हाला?”

“पहिल्याच खेपेला.”

तिने मनात उजळणी केली. पहिल्या खेपेनंतर सात सुया झाल्या होत्या. प्रत्येक सुईनंतरचे दोन-दोन दिवस तो बादलीशेजारी बसून होता.

“मग घेतल्या कशाला?” तिचा आवाज चढला. “शर्ट लोंबला की बस्स, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?”

“लोंबला कुठे?” तो म्हणाला. “मी दर वेळी आरशात बघून घेत होतो. बसत होता.”

खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. त्याने शर्टाची घडी केली, मोडली, पुन्हा केली आणि तिच्यापुढे ठेवली. मग एखाद्या दुकानदाराला सोयीचं काहीतरी सुचवावं तशा आवाजात म्हणाला, “असं कर, या खेपेला एकदम अर्धा इंच घे. उरलेल्या चार सुया त्यात निघतील. दर वेळी कशाला डोळे फोडून घेतेस?”

तिने टेप उचलली. शिवणीपासून अर्धा इंच मोजला आणि तिथे अंगठा दाबून धरला. बराच वेळ तिने अंगठा हलवला नाही. शिवण आणि अंगठा यांच्यामध्ये दोन निळे पट्टे होते. मग अंगठा मागे सरकला. तिने खडूने रेघ मारली.

त्याने वाकून पाहिलं. जुनी सवय.

“हा पाव इंच झाला.”

“हो.”

“मी अर्धा म्हणालो.”

तिने शर्ट सुईखाली घातला आणि हाताने मशीनचं चाक फिरवलं.

“तुम्हाला जमेल हो,” ती म्हणाली. “मला एका वेळी एवढंच झेपतं.”