भिंतीपलीकडची यादी

“हा मदरबोर्ड ज्यानं लिहून देल्ला ना बाई, त्याले पुसदच्या चौकात उभं करून चपलेनं हाणलं पाहिजे,” वामनराव म्हणाले आणि यादीचा कागद त्यांनी काउंटरवर असा आपटला की कॅल्क्युलेटर बोटभर उडाला आणि पुन्हा शून्य दाखवत खाली बसला.

उमरखेडकडच्या खेड्यातून शकुबाई पहिल्या एसटीनं आल्या होत्या, एकट्याच. त्यांची मुलगी दीपा घरबसल्या घरांचे नकाशे काढते. तिचा जुना कॉम्प्युटर ऐन कामात दोनदा मेला, दोनदा नकाशा बुडाला. नागपूरच्या ऑफिसनं सांगितलं होतं, मंगळवारपर्यंत हा नकाशा आला नाही तर पुढचं काम दुसऱ्याला. आज शनिवार होता. सुटे भाग घेऊन नवा कॉम्प्युटर जोडायचा होता आणि चुकायला जागा नव्हती. म्हणून वामनरावांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात शिरताच त्यांनी वहीतून फाडलेली यादी पुढं ठेवली आणि एवढंच विचारलं, “भाऊ, हे सामान एकमेकात बसते का? शेजारी जायच्या आधी तुम्हाले विचारावं म्हटलं.”

‘शेजारी’ एवढा शब्द पुरला. शेजारचं दुकान विठ्ठलरावांचं. विठ्ठलराव वामनरावांचे साडू, आणि धंदाही तोच. साडूच्या पंख्याची हवा इकडं येऊ नये म्हणून वामनरावांनी मधल्या भिंतीला तीनदा प्लास्टर केलं होतं. सासऱ्याच्या तेरवीला दोघं एका पंगतीत बसले, तेव्हा दोघांच्या मधल्या माणसाच्या पानात खीर नासली. वाढणारा अजून शपथेवर सांगतो.

बाकावर दुसरं गिऱ्हाईक, लालसिंग, मांडीवर बिघडलेला प्रिंटर घेऊन बसला होता. वामनरावांनी त्याला साक्षीदार धरलं.

“ऐक लालसिंग. प्रोसेसर सतराशे टोकांचा, बोर्डाची बैठक बाराशेची. बाई, तुमच्या पायात नातवाचा जोडा बसते का?”

“नाई बसत.”

“मंग हे कसं बसन? अन् हे चूक नोहे, हे चाल हाये. तुम्ही सामान घरी नेता. ते बसत नाई. तुम्ही रडत परत येता, त हा भिंतीवरची पाटी दाखवते, विकलेला माल परत नाई. मंग घ्या दुसरा बोर्ड. एका गिऱ्हाइकामागं दोन बोर्ड खपते.”

लालसिंगनं मान वर करून वामनरावांच्या डोक्यावरची तीच पाटी सावकाश वाचली. “तुमाले लई बारीक माहिती हाये,” तो म्हणाला.

“चोराच्या शेजारी राह्यलं की चोराचे रस्ते समजते.”

पलीकडून भिंतीवर कुणीतरी बुक्की मारली. वामनरावांनी आवाज आणखी चढवला, म्हणजे भिंतीलाही नीट ऐकू जावं.

“ही रॅम पाहा. हिची खाच एकीकडं, बोर्डाचा दात दुसरीकडं. जोर लावला का मोडली. अन् हा पॉवर सप्लाय. हातात घेतला त रिकाम्या डब्यावानी हलका. खेड्यातली लाइन एकदा गेली-आली का हा जळन, अन् संगं बोर्डालेही घेऊन जाईन. असं सामान खपवणाऱ्यानं माणसात राहू नये, बाई. गरिबाच्या पोरीच्या पोटावर पाय देऊन राह्यला हा माणूस.”

“मंग चांगलं कोणतं, भाऊ?”

वामनराव शिडी लावून वर चढले. सगळ्यात वरच्या फळीवर, जावयासाठी झाकून ठेवलेली खोकी त्यांनी खाली आणली. प्रोसेसरला शोभणारा बोर्ड. बोर्डाला शोभणारी रॅम. पॉवर सप्लाय त्यांनी शकुबाईंच्या हातात दिला. तो पाट्यावरच्या वरवंट्याएवढा जड होता. “हे वजन ध्यानात ठेवा. अन् त्याच्याकडचा उचलून पाहा कधी.” मग ते स्वतःच जोडायला बसले. एकेक स्क्रू असा पिळला, जणू प्रत्येक स्क्रू साडूचा कान होता. पंखा फिरला. पडद्यावर अक्षरं उमटली. दुकानात क्षणभर कुणी कुणाला शिव्या दिल्या नाहीत.

“अन् बंद पडला त?” शकुबाईंनी विचारलं.

“माह्या हातचा?” वामनरावांनी बिल ओढलं. तीन वर्षांत यातलं काहीही बिघडलं तर नवं देईन, घरी आणून देईन, असं त्यांनी लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं. सही केली, शिक्का मारला, आणखी एक मारला. लालसिंगची साक्ष घेतली. कोऱ्या स्टॅम्प पेपरवर जमीन लिहून मागितली असती, तर तीही त्या तिरमिरीत दिली असती.

“आता हा डबा त्याच्या दारावरून मिरवत न्या,” ते म्हणाले. “अन् ही यादी त्याच्या तोंडावर फेका. म्हणा, वामनरावानं इचारलं, लाज उरली का काही.”

शकुबाईंनी बिलाच्या चार घड्या केल्या आणि ते चोळीत ठेवलं. मग काउंटरवरची यादी उचलली, तिची चुरगळ तळव्यानं सरळ केली आणि वामनरावांच्या पुढ्यात ठेवली.

“त्यायच्या दुकानाची पायरी मी कधी चढलीच नाई, भाऊ,” त्या म्हणाल्या. “ही यादी परवा फोनवर तुम्हीच सांगतली होती, अन् माह्या दीपानं लिहून घेतली.”