ओळखीची खडखड

मोंटानातल्या त्या गारठ्यात व्हर्लिन दोन दिवस आपल्या जुन्या डिझेल पिकअपखाली उताणा पडून होता. गाडी सुरू व्हायची, दोन आचके द्यायची आणि बंद पडायची.

"अरे, शेजारच्या ग्लेनची नवीकोरी गाडी उभीच आहे. ट्रेलर तिला जोड आणि मोकळा हो की!" त्याची बायको डार्ला वैतागली. "या डबड्यात कसला जीव अडकलाय तुझा?"

"दुसरी गाडी जोडली की जुनिपर घोडी ट्रेलरमध्ये पाय ठेवत नाही, माहितेय ना? मागच्या खेपेला चौघांनी लाथा खाल्ल्या तिच्या. या इंजिनाची खडखड ऐकली की मात्र कशी पळत येते बघ."

शेवटी दुखणं सापडलं. डिझेलच्या रबरी नळीला केसाएवढी चीर गेली होती आणि तिथून हवा शिरत होती. त्याने नळी बदलली, पंप मारून हवा काढली आणि चावी फिरवली. इंजिन खडखडलं, तशी कुरणाच्या पार टोकाहून ती म्हातारी घोडी लंगडत लंगडत धावत आली आणि कुणी न बोलावता ट्रेलरमध्ये चढली. व्हर्लिनने तिच्या मानेवर थोपटलं. डार्ला घरात निघून गेली.



खाटकाच्या फाटकाशी पोहोचल्यावरही त्याने इंजिन बंद केलं नाही; ती खडखड कानावर असली की जुनिपर मुकाट उतरते, हेही त्याला ठाऊक होतं.